आजी-आबांचं करताना: नागपुरातल्या नातवंडांसाठी

आमच्या घरात 'सेवा' हा शब्द कोणी वापरत नाही. वापरतात तो 'करणं'. "म्हातारीचं कोण करते?" "नातू करते ना." एवढ्या दोन वाक्यांत गल्लीतली चौकशी पुरी होते. महालातल्या आमच्या जुन्या घरात मी आधी आबांचं केलं, त्यांची शेवटची दीड वर्षं. आता आजीचं करतो. ती चौऱ्याऐंशीची, मी एकतीसचा. या काळात जे चुकत-माकत शिकलो ते इथे लिहितोय, कारण तेव्हा मला हे कोणी सांगितलं असतं तर आजीचा खांदा महिनाभर दुखला नसता. त्याबद्दल पुढे येईलच.

नातवंड म्हणजे दुधावरची साय. तिची एक सवलत असते. आजी आणि बाबांमध्ये साठ वर्षांचं जुनं खातं आहे: कोण कोणाला काय बोललं, कोणत्या दिवाळीला कोणाचं मन राखलं नाही. माझ्या पानावर तसलं काही नाही. बाबा "काठी घे" म्हणाले की तो हुकूम होतो. मी म्हटलं की ती तोंड वाकडं करते, पण काठी घेते. ही सवलत लाडात उडवू नका, कामाला लावा. आणि एक ध्यानात असू द्या, साय आपण असलो तरी दूध तापवणारी दुसरीच कोणी असते. आमच्या घरी ती माझी आई. आजीचं चोवीस तास तीच करते, आणि शेजारी मात्र मला म्हणतात, "किती गुणाचा पोरगा!"

आधी आईला विचारा, मग आजीला

म्हणून पहिलं पाऊल आजीच्या खोलीत नाही, स्वयंपाकघरात. घरात जी व्यक्ती आत्ता सगळं करते तिला विचारा: यातलं सगळ्यात जड काय जातं? मला वाटलं होतं आई आंघोळ म्हणेल. ती म्हणाली, "रात्री तीनदा उठणं, आणि गोळ्या संपल्या का ते डोक्यात ठेवणं."

मग कामं अख्खी घ्या, अर्धी नको. "आई, काही मदत करू का?" ही मदत नव्हे, तो आईच्या डोक्याला आणखी एक प्रश्न. गोळ्या घेतल्या तर डब्यात भरणं, संपायच्या पाच दिवस आधी आणणं, डॉक्टरची तारीख लक्षात ठेवणं, सगळं तुमचं. मी गोळ्या, दवाखाना, रात्रीचं उठणं आणि नखं-केस घेतले.

त्यानंतर आजीकडे जाऊन उलटा प्रश्न विचारा: तुझ्याकडे काय ठेवायचं? आजीने झटक्यात सांगितलं. देवाच्या वाती, भाजी निवडणं आणि विरजण. अंबाडीची एक जुडी निवडायला तिला पाऊण तास लागतो. लागू द्या. मी एकदा घाईत तिच्या हातातली जुडी घेतली, तर संध्याकाळी ती जेवली नाही. कारण विचारलं तर म्हणे, "मी काय आता पाहुणी होय का?"

एका खड्ड्यात मात्र पडू नका. आई आजीबद्दल सांगणार, आजी आईबद्दल, आणि दोघींना वाटणार की तुम्ही न्यायाधीश. मी आता एकच बोलतो, "हे तिलाच सांग, मी सोबत बसतो." बहुतेक वेळा कोणीच सांगत नाही आणि विषय तिथेच विरतो.

हात लावायच्या आधी

या वयात माणसाला हात लागतो तो बहुतेक कामाचाच: बीपीचा पट्टा, सुई, गोळी. मायेने कोणी हात लावलेला कधीचा, ते आठवावं लागतं. त्यामुळे डोक्याला तेल लावून देणं हे औषधाच्या यादीत नसलं तरी माझ्या यादीत पहिल्या पाचात आहे.

पण विचारून. आबांना आंघोळ मी घालत होतो. आजीला नाही. ती स्पष्ट म्हणाली, "त्याले बाईमाणूस लागते." मग सकाळी दोन तासांसाठी मावशी ठेवल्या. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. नातू आणि आजी यांच्यात लाज असते, ती राहिली तर प्रेम कमी होत नाही. नातवंड मुलगी असेल तर आजोबांच्या बाबतीत हेच उलट.

अंथरुणावर अंग पुसायचं असेल तर आबांबरोबर बसलेला क्रम असा. पंखा बंद. दोन तांबे कोमट पाणी, एक साबणाचं आणि एक साधं. अंगावर चादर, आणि पुसायचा तेवढाच भाग उघडा. आधी डोळे-तोंड साध्या पाण्याने, मग हात, छाती, पाठ, पाय. शेवटी खालचा भाग. तिथे फडकं त्यांच्या हातात द्या, जमेल तेवढं ते स्वतः करतील, आणि तुम्ही तेवढा वेळ खिडकीबाहेर बघा. प्रत्येक वेळी हात लावण्याआधी सांगा, "आता पाठ घेतो, आबा." कातडी रगडायची नाही, टिपायची. पाठ, माकडहाड आणि टाचा रोज नजरेखालून घाला. दाबल्यावरही न जाणारी लाली दिसली तर ती जखमेची सुरुवात. माणूस पडूनच असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, आणि ही लाली डॉक्टरला दाखवायची.

नखं: पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. पाणी किती गरम ते तुमच्या हाताने बघा, कारण साखर असलेल्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही. नख सरळ कापा, कोपरे खोलवर नको. बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तेल टाचेला लावा, बेचक्यात नाही. फोड, काळा डाग किंवा भेग दिसली तर घरचा उपाय करत बसू नका. हे सगळं करताना गप्पा आपोआप होतात. आजीने तिच्या लग्नाची गोष्ट मला समोर बसून कधीच सांगितली नव्हती. तिचे पाय माझ्या मांडीवर असताना सांगितली.

उठवणं, आणि पडल्यावर उचलणं

आता तो खांदा. आमचं न्हाणीघर मागच्या अंगणात आहे, मध्ये एक पायरी. गेल्या पावसाळ्यात आजी तिथे घसरली. मी धावलो, दोन्ही बगलांत हात घातले आणि ओढून उभी केली. हाड काही मोडलं नाही, पण मी ओढलेला खांदा महिनाभर दुखला. तो घसरण्याने नाही, माझ्यामुळे दुखला.

पडलेल्या माणसाला लगेच उचलायचं नाही.

१. शेजारी खाली बसा. डोक्याला लागलं का, कुठे दुखतं, ते विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी दवाखान्यात न्या.

२. जांघेत जोराची कळ आहे, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो, तर खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. हलवू नका. उशी द्या, पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा.

३. तसं काही नसेल तर आधी कुशीवर, मग कोपरावर, मग गुडघ्यांवर रांगत्यासारखं यायला सांगा. मध्ये हवा तेवढा दम खाऊ द्या.

४. समोर न हलणारी खुर्ची ठेवा. दोन्ही हात तिच्या बैठकीवर, चांगल्या पायाचं पाऊल पुढे रोवून जोर द्यायचा. तुम्ही फक्त कमरेशी आधार द्या. ताकद त्यांची, दिशा तुमची. उठल्या उठल्या मागून दुसरी खुर्ची सरकवा.

रोज अंथरुणातून उठवतानाही तेच. आधी कुशीवर, पाय खाटेवरून खाली सोडून, मग हाताने रेटा देऊन बसणं. बसल्यावर एक-दोन मिनिटं तिथेच. या वयात उभं राहताना बीपी एकदम उतरतं, आणि रात्री लघवीला उठताना म्हातारी माणसं पडतात ती बरेचदा याच पायी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आजीला हे दोन दिवसांत पाठ झालं. मी अजून चुकतो.

न्हाणीघरात काय बदललं: भिंतीत पक्का बसवलेला दांडा (टॉवेलच्या दांडीला धरलं तर ती माणसासकट येते), बसून आंघोळीला प्लास्टिकचं नव्हे, वजनदार स्टूल, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, रात्रभर जळणारा छोटा बल्ब, आणि बाहेरूनही उघडणारी कडी. सुताराचं आणि गवंड्याचं काम धरून सगळं दोन दिवसांत झालं. पडायच्या आधी केलं असतं तर बरं.

दोन मेडिकल

नागपुरात 'मेडिकल' म्हणजे औषधाचं दुकान आणि 'मेडिकल' म्हणजेच सरकारी दवाखाना, मेडिकल चौकातला. "आजीला मेडिकलमध्ये नेलं" असा निरोप पुण्याच्या आत्याला गेला तेव्हा तिने बॅग भरली होती. आम्ही गोळ्या आणायला गेलो होतो.

गोळ्यांचं काम हातात घेतलं की पहिल्या दिवशी घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरा. उशाखालच्या, देवघरातल्या, शेजारीणबाईने "मला फरक पडला" म्हणून दिलेल्यासुद्धा. ती पिशवी घेऊन डॉक्टरकडे जा. आमच्या पिशवीत एकच बीपीची गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी निघाली. धंतोलीतल्या एका डॉक्टरने लिहिलेली आणि रामदासपेठेतल्या दुसऱ्याने. आजी दोन्ही घेत होती, म्हणून सकाळी चक्कर. गुडघेदुखीची गोळी रोज घेतली जात असेल तर ती मूत्रपिंडावर बसते का, हे आवर्जून विचारा. झोपेची गोळी कोणी चालू केली आणि कधीपर्यंत, हेही.

उपवास हा आमच्याकडचा नाजूक विषय. एकादशी सोड असं मी कोण सांगणार? पण साखरेची गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं तर साखर घसरते: घाम, थरथर, एकदम चिडचिड किंवा भलतंच बोलणं. शुद्ध असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८. आम्ही तोडगा असा काढला की उपवासाच्या दिवसाचं गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरकडून वेगळं लिहून घेतलं आणि पंचांगाशेजारी टांगलं.

तोंड वाकडं होणं, एक हात पडणं, जीभ जड होणं, यातलं काही दिसलं तर घड्याळ बघा आणि निघा. पक्षाघातात गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि हे औषध देणारा दवाखाना कोणता, तिथे मेंदूचं स्कॅन रात्री होतं का, हे आजच विचारून ठेवा.

ऊन

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, सावलीतसुद्धा वाफ लागते. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून "तहान लागली की पी" हे चालत नाही. आजीचा हिशोब पेल्यावर नाही, तांब्यावर आहे: सकाळी भरलेला तांब्या दुपारच्या जेवणापर्यंत रिकामा. ताक, आंबील, कैरीचं पन्हं, सगळं चालतं, पण साखर असेल तर पन्ह्यातला गूळ आणि बीपी असेल तर ताकातलं मीठ बेताने. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर उन्हाळा लागण्याआधीच डॉक्टरला विचारा.

कूलरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण नागपूरचं म्हातारपण कूलरवर उभं आहे. कूलर कोरड्या हवेत काम करतो आणि त्याला समोरची खिडकी थोडी उघडी लागते. बंद खोलीत लावला तर दमट होऊन जीव घाबरतो. ताट्या दर उन्हाळ्याला बदला. पाणी भरताना आधी बटण बंद आणि प्लग काढलेला. लोखंडी कूलरचा शॉक हा आमच्याकडचा दरवर्षीचा धोका आहे, तेव्हा अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि आजीला ओल्या पायाने त्याला हात लावू देऊ नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतल्या भिंती घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. पावसाळा लागला की टाकी कोरडी करून कूलर झाका.

दुपारी माणूस गरम लागतोय आणि भलतंच बोलतोय, तर ते "ऊन लागलं" म्हणून कांदा चोळत बसायचं प्रकरण नाही. १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी आणि वारा.

ऐकू कमी येतं, तेव्हा

ओरडू नका. वय झालं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. ओरडलं की आपला आवाज उंच होतो आणि कळायचं तेही कळेनासं होतं. समोर या, टीव्ही बंद करा, जड आवाजात हळू बोला. कळलं नाही तर तेच वाक्य न घोकता वेगळ्या शब्दांत सांगा.

प्रश्न "कशी आहेस?" असा नको. त्याला "बरी" हेच उत्तर असतं. आजीचं माहेर भिवापूर, मिरचीचं. "इतवारीहून नॅरोगेजच्या गाडीत बसलीस की पहिल्यांदा काय दिसायचं?" असं विचारलं की अर्धा तास गेला. ती गाडी २०१९ ला बंद झाली, आजीच्या बोलण्यात अजून रोज सुटते. उकडपेंडीत ताक किती, सांबारवडीचा पुडा कसा मुडपायचा, हे तिच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आबांचा आवाज मी असा ठेवला नाही.

गोष्टी हळूहळू विसरू लागल्या, स्वतःच्या घरात बसून "घरी जायचं" म्हणू लागल्या, तर वाद घालू नका. "घरी कोण कोण आहे?" असं विचारा. पण दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखं वागणं सुरू झालं, तर ते म्हातारपण नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर बिघडणं, यांपैकी काही असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

कागद

झरझर सांगतो. सत्तर पूर्ण झाली असतील तर आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, २०२४ च्या ऑक्टोबरपासून. कुटुंबातल्या सत्तरीपुढच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला दर नोव्हेंबरला, ऐंशीच्या पुढे १ ऑक्टोबरपासूनच. बोटांचे ठसे झिजले असले तरी फोनवर चेहरा दाखवून होतो. पंचाहत्तर पूर्ण असेल तर राज्यात एसटी फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं तिकीट. सल्ल्यासाठी किंवा कोणी त्रास देत असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

एक गोष्ट नातवंडांना माहीतच नसते. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाच्या २००७ च्या कायद्यात 'अपत्य' या शब्दात सज्ञान नातू आणि नातही धरले आहेत. म्हणजे जबाबदारी कायद्यानेही आपल्यापर्यंत येते. त्याच कायद्यात असंही आहे की सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून दिलं आणि सांभाळलं नाही, तर न्यायाधिकरण तो दस्त रद्द ठरवू शकतं. म्हणून आजी "घर तुझ्या नावावर करते" म्हणाली तर भारावून सही घेऊ नका. सगळ्या काका-आत्यांसमोर बोला, वकिलाकडून अट लिहून घ्या. तिचा पिन, पासबुक आणि ओटीपी तिच्याजवळ राहू द्या. फोनवर "पोलीस बोलतोय, अटक होईल" म्हणणाऱ्यांबद्दल एकदा समोर बसवून सांगा आणि एक नियम ठरवा: पैशाचा फोन आला की आधी मला आवाज दे.

पुण्या-बंगळुरातल्या चुलत-आते भावंडांना

फोनवर सल्ला देऊ नका. एक काम घ्या. आमच्याकडे आतेबहीण दर महिन्याच्या औषधांचे पैसे आणि ऑर्डर बघते, चुलतभाऊ रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल करतो. तो एक दिवस चुकला तर आजी पावणेनऊपर्यंत फोन हातात धरून बसते, म्हणून चुकणार असेल तर तो आधी कळवतो. वर्षातून पंधरा दिवस दोघांपैकी एक येऊन राहतं आणि तेव्हा आई माहेरी जाते. हे पंधरा दिवस दिवाळीचे धरू नका. दिवाळीत सगळेच येतात आणि आईचं काम दुप्पट होतं.

घेणंही शिका

शेवटचं काम मला सगळ्यात उशिरा जमलं. आजी चोळीतून शंभराची नोट काढून देते तेव्हा मी "राहू दे गं, कमावतो मी" म्हणायचो. तान्ह्या पोळ्याला आमच्याकडे पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि मोठी माणसं त्यांना बोजारा देतात. माझा नंदी आजीने माळ्यावर जपून ठेवलाय, एक शिंग मोडलेला. गेल्या पोळ्याला तिने तो मावशींकडून खाली काढवला, पुसला, हळद-कुंकू लावलं आणि मी ऑफिसातून आल्यावर समोर ठेवला.

"घे बोजारा."

"आजी, मी एकतीसचा झालो."

"मग काय झालं बाप्पा? नंदी तर तोच आहे."

मी नंदीची दोरी हातात धरून तिच्यासमोर उभा राहिलो. तिने एकवीस रुपये मोजले, सुटे, दोनदा.